उजव्या कुशीखालची उशी

डॉक्टर मन्मथ बोळेगावे यांच्या शोकसभेत एका वक्त्यानं त्यांना 'निर्भय' म्हटलं, तेव्हा माझ्या शेजारी बसलेल्या सुशीला सिस्टर इतक्या जोरात खाकरल्या की पुढच्या रांगेतली माणसं वळून बघायला लागली. आम्हा दोघींना खरं ते माहीत होतं. एवढा भित्रा माणूस मी उभ्या जन्मात पाहिला नाही. आणि मी पोटावर सुरी चालवणारी बाई आहे, भित्री माणसं माझ्यापुढं रोज येतात.

त्यांना सगळे अप्पा म्हणायचे. उदगीरच्या आडतीवाल्या लिंगायत घरातले, डॉक्टर झाले, आणि डॉक्टरांतही भूल देणारे झाले. "मला तर वाटतं, बापाच्या दुकानात बसले असते तर सुखी राहिले असते," असं त्यांची बायकोच म्हणायची. मी नांदेडला शिकून बाळंतपणाची डॉक्टर झाले आणि नोकरीला आले ती थेट त्यांच्याच दवाखान्यात. दवाखान्याचं नाव सांगत नाही. चाकूरच्या बाजूला होता, एवढं पुरे. लातूर जिल्हा नुकताच उस्मानाबादेतून वेगळा झाला होता. पाट्या सगळ्या नव्या रंगवलेल्या आणि पाटीमागचं सगळं जुनं. ऑपरेशनचं टेबल तर असं, की ते एका अंगाला कलतं करायची दांडी गंजून कायमची बसलेली.

त्यात दुष्काळ. टँकर आला तर आला. मी ऑपरेशनला हात धुवायची ते एका मगात. सिस्टर वरून बारीक धार धरायच्या, माझ्या कोपरावरून गळलेलं पाणी खाली बादलीत जमायचं आणि त्या बादलीनं नंतर फरशी पुसली जायची. मी चिडचिड करायची. तेव्हा तिशीच्या आत होते, हात वेगानं चालायचा, आणि मला वाटायचं जगात माझ्याशिवाय सगळे सावकाश आहेत. आणि सगळ्यांत सावकाश अप्पा.

त्यांची पद्धत सांगते. सिझरला कमरेच्या मणक्यात सुई देऊन खालचं अंग बधिर करतात, हे आता घरोघरी माहीत आहे. पण त्या सुईनं नुसतं दुखणं जात नाही. पायांतल्या रक्तवाहिन्या सैल पडतात, रक्त खाली उतरून बसतं आणि बाईचं प्रेशर घसरतं. शिवाय नऊ महिन्यांचं पोट. बाई सपाट उताणी झोपली की तो सगळा भार पाठीच्या कण्यालगतच्या मोठ्या रक्तवाहिनीवर पडतो आणि हृदयाकडं परतणारं रक्तच अडतं. बाईचा आणि बाळाचा, दोघांचा जीव जायला मग फार वेळ लागत नाही. म्हणून अप्पा आधी सलाईनच्या दोन बाटल्या आत गेल्याशिवाय सुईला हात लावायचे नाहीत. दोन्ही पाय घोट्यापासून मांडीपर्यंत जुन्या लुगड्याच्या पट्ट्यांनी आवळून बांधायचे, रक्त खाली उतरू नये म्हणून. टेबलाच्या उजव्या पायांखाली दोन विटा, टेबल डावीकडं कलावं म्हणून. आणि वर उजव्या कुशीखाली सरकी भरलेली एक उशी, त्यांच्या बायकोनं शिवलेली. प्रेशर वर आणायचं इंजेक्शन सिरिंजमध्ये भरून सलाईनच्या स्टँडला चिकटपट्टीनं चिकटवलेलं. एवढं करून पुन्हा गळ्यातलं इष्टलिंग गाऊनवरून चाचपायचं, मग सुई.

"अप्पा, लग्नाला निघालात का?" मी विचारायची. "एवढी तयारी?"

"घाबरून राहिलोय मॅडम," ते सरळ सांगायचे. "तुम्ही बी थोडं घाबरा. बरं असतं."

त्यांचे हात कायम गार. सुई दिल्यावर बाईच्या उशाशी बसायचे, एका हातात तिची नाडी, डोळे प्रेशरच्या पाऱ्यावर, आणि तोंडानं तिच्याशी बोलणं चालू. तेही भलतंच बोलणं. बायांना ते एकच विचारायचे, "पाणी कुठून आणता?" आणि घरच्या उंबऱ्यापासून पाण्यापर्यंतची वाट पावलापावलानं सांगायला लावायचे. त्या दुष्काळात ती वाट ज्या बाईला सांगता येत नाही अशी बाईच नव्हती. कुणी मैलभर जायची, कुणी दोन डोंगर ओलांडायची. वाटेत कोण भेटतं, चप्पल कुठं तुटते, कुणाच्या विहिरीचा मालक शिव्या देतो, सगळं भरभरून सांगायच्या. मी पोट उघडतेय आणि वरून आवाज येतोय, "मग ती बाभळ लागती, मग उतार लागतो." मला हसू यायचं.

अप्पांना हसू येत नसे. बोलणं थांबलं की त्यांचं बोट इंजेक्शनकडं जायचं. डोक्याला रक्त कमी पडलं की माणूस आधी गप्प होतो, पारा नंतर सांगतो, असं त्यांचं म्हणणं. बाळ बाहेर आलं, रडलं, सिस्टर "पोरगं हाय" म्हणाल्या, सगळे मोकळे झाले तरी अप्पा तिकडं मान वळवायचे नाहीत. "बाळ रडलं म्हणजे तुमचं झालं, मॅडम. माझं अजून व्हायचंय."

आणि आमच्या ऑपरेशनच्या खोलीत एक वाक्य बोलायला बंदी होती. बाई म्हणाली "मळमळतंय", तर तिला "होतं असं" म्हणायचं नाही. एकदा सुशीला सिस्टर चुकून बोलल्या, तर हा कधी आवाज न चढवणारा माणूस त्यांच्यावर ओरडला आणि नंतर दिवसभर त्यांची माफी मागत फिरला.

त्याचं कारण त्यांनी मला एकदाच सांगितलं, दुपारच्या चहाला, बशीत चहा ओतता ओतता. नवे डॉक्टर असताना, दुसऱ्या एका जिल्ह्यात, त्यांनी एका बाईला सुई दिली आणि सपाट झोपवली. उशी नाही, विटा नाहीत. तेव्हा तसंच करायचे सगळे. ती म्हणाली, डॉक्टर, मळमळतंय. अप्पा म्हणाले, होतं असं. आणि सर्जनशी काहीतरी बोलायला वळले.

"किती वेळ वळला होतात?" मी विचारलं.

"एक वाक्य बोलायला लागतो तेवढा." बशी त्यांनी तशीच खाली ठेवली. "नाव बी विचारलं नव्हतं मी तिचं. मेल्याच्या कागदावर वाचलं मागून."

तो चहा त्यांनी प्यायला नाही. मला वाईट वाटलं, पण खरं सांगू का, शिकले काही नाही. मला वाटलं, एका घटनेनं माणूस कायमचा बिथरला. दया आली त्यांची. मी कशी असेन तेव्हा, बघा.

त्या वर्षी त्यांची भीती वाढत गेली. म्हणायचे, "ताई, बाया कोरड्या येऊन राहिल्यात." मला ते चारचौघांत मॅडम म्हणायचे आणि फार घाबरले की ताई. पाणी आणणारी बाई घरात सगळ्यांत शेवटी पाणी पिते. आधी म्हातारा-म्हातारी, मग पोरं, मग नवरा, मग जनावरं. तिच्या वाट्याला तळातलं घोटभर. अशी वाळलेली बाई टेबलावर आली की सुईनंतर तिचं प्रेशर दगड टाकल्यासारखं खाली जायचं. म्हणून अप्पा नातेवाइकांना विचारायचे, "काल किती तांबे पाणी प्याली?" जीभ बघायचे, हाताची कातडी चिमटीत धरून सोडायचे. लोकांना वाटायचं डॉक्टर जरा सटकलेत.

मग तो दिवस आला. वरून कुणी मोठे साहेब नव्या जिल्ह्याचे दवाखाने बघायला यायचे होते. चार दिवस नुसती रंगरंगोटी. त्याच सकाळी मी रुक्मिणचं सिझर ठरवलेलं. रुक्मिण बावीस-तेवीस वर्षांची, दुसरी खेप, बाळ पोटात आडवं. आठवड्यापूर्वी तपासताना मी सासूला सांगितलं होतं, "रिकाम्या पोटी आणा." एवढंच. किती वाजल्यापासून, ते सांगितलं नव्हतं. पाण्याचा तर उल्लेखही केला नव्हता. कळतं की लोकांना, असं मला वाटलं.

अप्पा दारात सासूशी बोलायला थांबले. मी आतून हाक मारली, "अप्पा, साहेब अकराला येणार आहेत. तांबे नंतर मोजा."

ते आत आले. एक बाटली संपत आलेली. "अजून एक जाऊ द्या मॅडम," म्हणाले.

"जाता जाता जाईल ती. आटपा."

माझा आवाज मोठा होता आणि ते भिडस्त होते. त्यांनी लिंग चाचपलं, सुई दिली. रुक्मिणला झोपवलं आणि सवयीनं उशीला हात घातला. उशी नव्हती. खाली वाकून बघितलं. टेबल सरळ. विटाही नव्हत्या.

सुशीला सिस्टरांचा चेहरा उतरला. उशी मळकी दिसते म्हणून कारकुनानं कोठीत टाकून कुलूप लावलं होतं आणि किल्ली खिशात घालून तो साहेबांना आणायला औशाकडं गेला होता. आणि विटा? त्या खिडकीतून दिसत होत्या. गेरू-चुन्यानं रंगवून अंगणातल्या बागेच्या कडेला तिरप्या रोवलेल्या. बागेत एक झाड नव्हतं. झाडाला पाणी कुठलं?

"बघा ना काहीतरी, टॉवेल द्या गुंडाळून," मी म्हणाले. मी पोट पुसायला घेतलं होतं.

अप्पा नाडी धरून बसले. "रुक्मिण, पाणी कुठून आणतीस गं?"

"घरातून निघालं की मारुतीचं देऊळ," ती सांगायला लागली. आवाज बारीक. "मग हापसा. हापशाला पाणी न्हाई. मग वढा. वढ्याच्या पल्याड पाटलाची इहीर हाय."

"मग?"

"डॉक्टर, मळमळून राहिलंय."

आणि मी बोलले. मान वर न करता, सुरी हातात घेत, मी म्हणाले, "होतं असं, बाई."

मी वर बघितलं तर अप्पा माझ्याकडं बघत होते. त्या नजरेत राग असता तर मला बरं वाटलं असतं. रुक्मिणचे ओठ पांढरे पडले होते. पारा सरसर खाली येत होता आणि मी अजून सुरी टेकवलीही नव्हती.

"ताई, सुरी खाली ठेवा," अप्पा म्हणाले आणि उठले. इंजेक्शन ओढून दिलं. मग माझ्या शेजारी येऊन दोन्ही पंजे तिच्या पोटाच्या उजव्या बगलेला लावले आणि सगळी गर्भपिशवी डावीकडं ढकलून धरली. बारीक माणूस, पण दात-ओठ खाऊन रेटत होता. "दुसऱ्या हाताला बाटली लावा सिस्टर. पूर्ण सोडा." घाबरले की त्यांच्या तोंडात घरचं कानडी यायचं. "निधान, निधान," सावकाश, सावकाश, असं ते पुटपुटत होते. कुणाला सांगत होते कोण जाणे. घाई तर सगळ्यांनाच होती.

पारा थांबला, पण चढेना. अप्पा हात काढू शकत नव्हते आणि ते हात असताना मला काम करता येत नव्हतं. बाळाचे ठोके मंदावत होते. मला आयुष्यात पहिल्यांदा समोरच्या बाईचं नाव मनात सारखं ऐकू यायला लागलं. रुक्मिण, रुक्मिण. पुन्हा कागदावर वाचायची वेळ येऊ नये, एवढंच मी म्हणत होते.

बाटली लावून सुशीला सिस्टर तशाच बाहेर धावल्या. व्हरांड्यात सासू वाकळ अंथरून बसली होती. चिंध्यांची, जाड, घरची. सिस्टरांनी म्हातारीला उठवून ती ओढून घेतली आणि परत येऊन घडी करून रुक्मिणच्या उजव्या कुशीखाली कोंबली. धूळ उडाली. जंतू वगैरे मी बोलले असते एरवी. अप्पांनी हात हळूच काढले, उशाशी गेले, नाडी धरली आणि अर्धी राहिलेली गोष्ट पुढं विचारायला लागले.

"रुक्मिण, वढा ओलांडलास का? ये रुक्मिण. इहिरीपाशी पोचलीस का?"

उत्तर नाही.

दुसरं इंजेक्शन. "चढतोय," सिस्टर म्हणाल्या. अप्पांनी मान हलवली तेव्हा मी सुरी चालवली. बाळ बाहेर आलं, निळसर, मग रडलं. मी, सिस्टर, आम्ही पहिल्यांदाच बाळाकडं न बघता अप्पांसारखं तिच्याकडं बघत होतो.

"पोचलीस का गं?"

"पोचले," रुक्मिण म्हणाली. किती वेळानं म्हणाली ते मला सांगता येणार नाही. "पर तळ दिसून राहिलाय. खाली उतरावं लागतंय."

अप्पांनी डोळे मिटले आणि तिची नाडी धरलेल्या हातावर कपाळ टेकवलं. साहेब बाहेर आले होते, व्हरांड्यात बुटांचे आवाज होत होते. आमच्यापैकी कुणी बाहेर गेलं नाही.

दुपारी मी सासूला विचारलं, मावशी, हिला पाणी कधीपासून दिलं नव्हतं? म्हातारी अभिमानानं म्हणाली, "परवापासनं. तुमीच म्हणलाव ना रिकाम्या पोटी. आन् टँकर बी आला नव्हता. म्हणलं, दवाखान्यात बाटल्या लावतेतच की पाण्याच्या. घरचं कशाला वाया घालवायचं?"

दुष्टपणा नव्हता त्यात. हिशेबी बाई होती, घोट घोट मोजून घर चालवणारी. चूक माझ्या दोन शब्दांची होती. मी अप्पांसमोर रडले. माफी मागायला तोंड उघडलं तर ते म्हणाले, "घाबरलात ना? बस्स. आता तुम्ही चांगल्या डॉक्टर होताल." त्यांचे हात अजून गारच होते.

जाताना म्हातारीनं वाकळ परत घेतली नाही. "ठिवा. दुसरीला होईल." मग ती धुऊन, उकळून, अप्पांची उशी झाली. विटाही परत आल्या, लाल-पांढऱ्या, आणि शेवटपर्यंत तशाच रंगीत राहिल्या. तिथून पुढं प्रत्येक बाईला "रात्री झोपताना पोटभर पाणी पाजा" असं मी सासूकडून तीनदा वदवून घ्यायची. सुई द्यायची घाई मी पुन्हा कधी केली नाही.

वर्षं गेली. मी नांदेडला आले, ते निवृत्त झाले. मग एका सकाळी त्यांचा फोन: "ताई, गौरीचं सिझर हाय, नांदेडातच. याल का?" गौरी त्यांची एकुलती एक मुलगी. मी गेले तर अप्पा ऑपरेशनच्या दाराबाहेर बाकावर बसलेले, वाळून अर्धे झालेले, आणि मांडीवर घडी केलेली ती वाकळ.

"घेईनात ओ आत," म्हणाले. "पोरगी हाय भूल देणारी. म्हणती, आजोबा, आता टेबलच कलतं. औषध बी पंपानं थेंब थेंब चालू असतं, प्रेशर पडायच्या आधीच. पडूच देत नाहीत म्हणे."

"मग बरंय की."

"हाव, बरंय." वाकळीची घडी नीट केली आणि म्हणाले, "ताई, हात द्या जरा."

मी दिला. त्यांनी माझी नाडी धरली. आतल्या गौरीची नाडी धरायला मिळत नव्हती, म्हणून माझी. पाऊण तास तो म्हातारा माझ्या मनगटावर तीन गार बोटं दाबून भिंतीकडं बघत बसला. आतून बाळाचं रडणं आलं. जावई उठला, विहीणबाईंनी हात जोडले. अप्पा हलले नाहीत. बोटं उलट आणखी रुतली.

शेवटी दार उघडलं आणि गौरीचा स्ट्रेचर बाहेर आला. बाळ दुसऱ्या कुणाच्या हातात होतं, अप्पांनी तिकडं पाहिलंही नाही. ते गौरीवर वाकले.

"गौरे, पाणी कुठून आणतीस गं?"

"काय ओ अप्पा," गौरी वैतागून म्हणाली. "नळाला येतंय. आणि माझा हात सोडा, सुई टोचून राहिली."

त्यांनी हात सोडला. पुरतं बोलली, रागावून बोलली, म्हणजे ठीक होती. मग ते भिंत धरत बाकापाशी आले आणि हळू आवाजात मला म्हणाले, "ताई, मला मळमळून राहिलंय."

मी त्यांना तिथंच बाकावर आडवं केलं, वाकळ पायांखाली दिली, पाय वर उचलले. चेहरा पांढरा पडला होता. आता त्यांचं मनगट माझ्या हातात होतं आणि नाडी बारीक लागत होती. मी मनातून फार घाबरले. तोंडात दुसरं काही येईना.

"अप्पा, पाणी कुठून आणता?"

मिटल्या डोळ्यांनी ते हसले. मग सांगायला लागले. उदगीरचं घर, दुकानाची फळी, मठाचा कोपरा, आई पुढं घागर घेऊन आणि हे तिच्या पदराला धरून. किल्ल्याच्या बाजूचा उतार. पायऱ्या. आणि थांबले.

"अप्पा. पुढं?"

काही नाही.

"अप्पा, पोचलात का?"

"पोचलो की," ते डोळे न उघडता म्हणाले. "रांग हाय ताई. माझ्या आधी लई बाया हायेत."

त्यांच्या बोटांत ऊब येईपर्यंत मी हात सोडला नाही. नंतर ते उठून बसले, चहा प्यायले, नातवाला मांडीवर घेतलं. मी निघताना मागं वळून पाहिलं तर ते त्या एवढ्याशा पोराचं मनगट दोन बोटांत धरून बसले होते.